राउंडवर सरांना कोण थांबवणार?

जत, आटपाडी, कवठेमहांकाळपासून सीमेपलीकडच्या अथणीपर्यंत आजही घरातलं दुखणं हाताबाहेर गेलं की एकच ठरतं, मिरजेला न्यायचं. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उघडलं, १८९७ साली वैद्यकीय शिक्षणही सुरू केलं आणि दवाखान्यांचं गाव ही मिरजेची ओळख पक्की झाली. कृष्णेच्या वरच्या अंगाला कराडचं कृष्णा रुग्णालय आहे. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालय आणि अलीकडे सुरू झालेलं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, सांगलीत वसंतदादा पाटील रुग्णालय आहे. मोठ्या ऑपरेशनसाठी दरवेळी पुण्या-मुंबईची वाट धरावी लागत नाही, हे या भागाचं मोठंच भाग्य.

पण ऑपरेशन उत्तम होतं आणि पाचव्या दिवशी टाक्यांतून पू येतो. लघवीची नळी काढायची राहून जाते आणि थंडी वाजून ताप भरतो. माणूस एक आजार घेऊन आत येतो आणि दुसरा तिथंच लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार रुग्णालयात दाखल होणाऱ्या दर १०० रुग्णांमागे श्रीमंत देशांत ७ जणांना आणि आपल्यासारख्या देशांत १५ जणांना असा संसर्ग होतो. ज्यांना होतो, त्यांतला दर दहावा त्यातच दगावतो. हे रोखण्याची जबाबदारी ज्यांच्यावर असते त्यांना दवाखान्यात इन्फेक्शन कंट्रोल नर्स किंवा सिस्टर म्हणतात, थोडक्यात आयसीएन. कुठं कुठं ब्रदरही असतात. त्यांना नेतृत्वाचं शिक्षण द्यावं की नाही, आणि दिलं तर त्याचा उपयोग होईल का, यावर दोन टोकाची मतं आहेत. पुढच्या संवादातली दोन माणसं मी रचलेली आहेत. सिस्टर मिरजेच्या, उभा जन्म वॉर्डात काढून शेवटी इन्फेक्शन कंट्रोलला आलेल्या. डॉक्टर साताऱ्याचे, मायक्रोबायोलॉजीचे, वयानं त्यांच्या मुलाएवढे. तरीही सिस्टर त्यांना सरच म्हणतात. दवाखान्यातली रीतच ती आहे, आणि वादाचा अर्धा भाग या रीतीतच आहे.

डॉक्टर : सिस्टर, माझ्या डोक्यात एक योजना आहे. साताऱ्यापासून मिरजेपर्यंतच्या सगळ्या आयसीएनना एकत्र आणायचं आणि नेतृत्वाचं रीतसर शिक्षण द्यायचं. हात कसे धुवायचे हे त्यांना येतं. दुसऱ्याला धुवायला कसं लावायचं, हे आपण त्यांना कधी शिकवलंच नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली या कामासाठी लागणारी कौशल्यं ठरवून दिली, त्यातही नेतृत्व आहे.

सिस्टर : सर, तुम्ही चांगल्या मनानं म्हणताय, म्हणून स्पष्ट बोलते. त्याच जागतिक आरोग्य संघटनेनं अडीचशे खाटांमागे निदान एक पूर्णवेळ माणूस द्या, असंही सांगितलंय. पूर्णवेळ म्हणजे काय, ते आमच्याकडे बघा. सकाळी बायोमेडिकल वेस्टचं रजिस्टर, मग कुणाला सुई टोचली त्याचा फॉर्म, मग स्टाफचं हिपॅटायटिसचं लसीकरण. दुपारी एनएबीएच मानांकनाची फाइल. संध्याकाळी मेट्रनचा फोन येतो, मेडिसिन वॉर्डात सिस्टर कमी आहे, तेवढी ड्यूटी काढा. या बाईला तुम्ही नेतृत्वावर व्याख्यान देणार?

डॉक्टर : तिला जादा माणूस मिळवून कोण देणार?

सिस्टर : आम्ही मागतो की! दर बैठकीत मागतो.

डॉक्टर : कसं मागता? स्टाफ कमी आहे, असंच ना? अधीक्षक ते वाक्य प्रत्येक विभागाकडून ऐकतात. लॅबमध्ये बसून मला जे दिसतं, ते सांगतो. आयसीयूतून आलेल्या नमुन्यात क्लेबसिएला किंवा असिनेटोबॅक्टर हा जंतू वाढतो. अहवालावर औषधांची यादी असते आणि एकेका नावापुढे आर, आर, आर, म्हणजे हे चालणार नाही, तेही चालणार नाही. शेवटी कोलिस्टिनसारखं जपून ठेवायचं औषध उरतं. असा एक रुग्ण किती दिवस जास्त राहिला, त्याच्या नातेवाइकांचा किती खर्च झाला, ती खाट किती दिवस अडली, हे एका कागदावर मांडून आयसीएननं अधीक्षकांपुढे ठेवलं तर ती मागणी राहत नाही, हिशेब होतो. असा हिशेब मांडायला शिकवता येतं. उभं राहून दोन मिनिटांत सांगायलाही शिकवता येतं.

सिस्टर : हिशेब मांडीनही. पण मला रोज नडतं ते वेगळंच. आयसीयूतला सकाळचा राउंड डोळ्यांसमोर आणा. पुढं सर, मागं रेसिडेंट, त्यांच्या मागं इंटर्न, शेवटी फाइल धरून इन्चार्ज सिस्टर. पहिल्या खाटेवर सर स्वतः गॉज उचलून जखम बघतात, बाजूला दाबून बघतात. हँडरबची बाटली खाटेच्या कठड्यालाच अडकवलेली असते, हात लांब केला की मिळेल अशी. सर बोलत बोलत दुसऱ्या खाटेशी जातात आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवतात, “काय आजोबा, झोप लागली का?” इतक्या मायेनं विचारतात की आजोबांच्या डोळ्यांत पाणी येतं. मी कोपऱ्यात पॅड घेऊन उभी. ‘रुग्णाला हात लावण्याआधी’ या रकान्यात फुली मारते. तोंडातून शब्द काढत नाही. महिनाअखेरीला फुल्या मोजते, टक्केवारी काढते आणि इन्फेक्शन कंट्रोल कमिटीत मांडते. कमिटीचे अध्यक्ष तेच सर. आता सांगा, यात माझं नेतृत्व कुठं बसवू?

डॉक्टर : फुली मारण्याऐवजी तिथंच बाटली पुढं केली तर?

सिस्टर : केली होती. एकदा हसून घेतली. दुसऱ्यांदा म्हणाले, “सिस्टर, राउंड चाललाय.” बाकीचे सगळे खाली बघायला लागले. माझ्या हातात पॅड दिसलं की इंटर्न मुलं भराभर हात चोळतात, मी दाराबाहेर गेले की बाटली तशीच. म्हणजे मी मोजते तो आकडासुद्धा खरा नाही.

या ठिकाणी मला सिस्टरांची बाजू जास्त खरी वाटते. दवाखान्यात ज्येष्ठतेची उतरंड इतकी पक्की असते की खालच्या पायरीवरच्या माणसाला फक्त धीट व्हायला सांगणं, हे त्याला एकटं सोडण्यासारखं आहे. डॉक्टरांनी मात्र त्यावर जे उदाहरण काढलं, ते नीट ऐकण्यासारखं आहे.

डॉक्टर : २००१ साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट नावाच्या डॉक्टरनं अशीच अडचण हातात घेतली. मोठ्या शिरेत नळी घालताना पाळायच्या पाच गोष्टी त्यानं एका कागदावर लिहिल्या. हात धुणं, कातडी क्लोरहेक्सिडिननं पुसणं, रुग्ण पूर्ण झाकणं, अशा साध्याच. महिनाभर नर्सनी नुसतं निरीक्षण केलं. एक तृतीयांशाहून जास्त रुग्णांच्या बाबतीत डॉक्टरांनी निदान एक पायरी गाळली होती. मग रुग्णालयाच्या व्यवस्थापनानं नर्सना अधिकार दिला, पायरी गाळली तर डॉक्टरला थांबवायचं. त्या नळीतून होणारा संसर्ग वर्षभरात जवळजवळ संपला. पुढं मिशिगन राज्यातल्या शंभरावर आयसीयूंत तेच केलं. २००६ साली निकाल छापून आले, तिथंही तोच अनुभव.

सिस्टर : बघा, तुम्हीच माझं म्हणणं मांडलंत. अधिकार आधी आला. ती नर्स काही कोर्स करून धीट झाली नाही. तिच्या पाठीशी वरचा माणूस उभा राहिला, म्हणून ती बोलली.

डॉक्टर : अर्धं बरोबर. मिशिगनमध्ये प्रत्येक रुग्णालयाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला आयसीयू वाटून दिला होता, त्यानं नेमानं तिथं जाऊन बसायचं. तेव्हा कळलं की एक तृतीयांश आयसीयूंतसुद्धा क्लोरहेक्सिडिन मिळत नाही. कागदावर पायरी लिहिलेली, पण बाटलीच नाही! अधिकाऱ्यानं काही आठवड्यांत ती आणवली. पण बाटली नाही, हे त्याला कुणीतरी सांगितलं असणार ना? ते सांगता येणं मला शिकवायचंय. नुसतं खरं ठाऊक असून भागत नाही. व्हिएन्नात सेमेलवाइसला १८४७ साली खरं सापडलं होतं. शवविच्छेदन करून आलेले डॉक्टर तेच हात घेऊन बाळंतिणीकडे जातात आणि बायका तापानं मरतात, हे त्यानं ओळखलं. ब्लीचिंगच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरातल्या अठरा मरत होत्या, त्या उन्हाळ्यात दोनवर आल्या. पण लोकांना पटवणं त्याला जमलं नाही. पुस्तक लिहायला १८६१ उजाडलं. मोठमोठ्या डॉक्टरांना संतापून पत्रं लिहिली. व्हिएन्नातली नोकरी तर आधीच सुटली होती, शेवटी वेड्यांच्या इस्पितळात मेला. तो चुकीचा नव्हता. त्याला माणसं सोबत घेता आली नाहीत आणि त्याची किंमत बाळंतिणींनी मोजली.

सिस्टर : मग मी आपल्याच मातीतलं सांगते. सावित्रीबाई फुले तुमच्या सातारा जिल्ह्यातल्या, नायगावच्या. १८९७ च्या प्लेगात मुंढव्याहून एका प्लेग झालेल्या पोराला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. त्यांचा कुणी नेतृत्वाचा वर्ग घेतला होता? आतून तळमळ असली की माणूस पुढं होतो.

डॉक्टर : सिस्टर, मी हात जोडून सांगतो, हे उदाहरण आपण असं वापरू नये. पहिली गोष्ट, सावित्रीबाईंनी शिक्षण घेतलं होतं. अहमदनगरला मिस फरार आणि पुण्यात मिस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं, मग शाळा चालवल्या. प्लेगपर्यंत त्यांच्यामागं जवळजवळ पन्नास वर्षांचं सार्वजनिक काम होतं, समाजाच्या विरोधात उभं राहायची सवय होती. आणि दुसरी गोष्ट, त्या प्लेगातच १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. आम्ही त्यांच्यापुढं नतमस्तक होतो. पण दवाखान्यात सेवेचा गौरव करता करता आपण जीव गमावण्याचाच गौरव करायला लागतो. कोविडमध्ये सिस्टर गेल्या की फोटोला हार, आणि ग्लोव्ह्ज मागितले की स्टॉक नाही. संसर्ग थांबवणारी बाई जिवंत राहायला हवी, ठणठणीत राहायला हवी, निवृत्त होऊन नातवंडांत रमायला हवी. त्यासाठी तळमळ पुरत नाही.

सिस्टर यावर बराच वेळ काही बोलल्या नाहीत, असं मी लिहीन. हा युक्तिवाद परतवणं अवघड आहे.

सिस्टर : कोविडचं तुम्ही काढलंत म्हणून बोलते. २३ मार्च २०२० ला इस्लामपुरात सौदीहून आलेले चौघे पॉझिटिव्ह निघाले. बघता बघता त्याच गोतावळ्यातली वीस-पंचवीस माणसं झाली. अख्खा महाराष्ट्र सांगली जिल्ह्याकडं बघत होता. मिरजेचं सिव्हिल कोविडसाठी राखून ठेवलं. एप्रिलच्या मध्यापर्यंत बहुतेक सगळे बरे झाले, साखळी तिथंच तुटली. त्या काळातली एक गोष्ट मला अजून विसरता येत नाही. पीपीई काढायच्या खोलीत समोर एक माणूस उभा असायचा. बडी म्हणायचो त्याला. तो एकेक पायरी मोठ्यानं वाचायचा. ग्लोव्ह्जवर सॅनिटायझर. गाऊनची मागची गाठ. आतली बाजू बाहेर करत गुंडाळा. आता परत हात. चष्मा मागून काढा, पुढं हात लावू नका. घामानं कपडे चिंब, नाकावर मास्कचे वळ, कधी एकदा बाहेर पडतो असं झालेलं. तरी बडी म्हणाला “थांबा” की प्राध्यापक थांबायचे. बडी कोण? कधी ब्रदर, कधी सिस्टर, कधी वॉर्डातले मामा. कुणाला अपमान वाटला नाही.

डॉक्टर : आणि नंतर?

सिस्टर : नंतर भीती गेली. सगळं पहिल्यासारखं.

डॉक्टर : मग तुम्हीच विचार करा. त्या खोलीत मामांना अधिकार कुणी दिला होता? त्यांच्या हुद्द्यानं नव्हे, शिक्षणानं नव्हे. तिथं उभं राहायचं काम ज्याच्याकडं, त्याचं ऐकायचं, असं ठरलं होतं. अधिकार माणसाला नव्हता, जागेला होता. हे आपल्याला जमतं, इथंच, याच जिल्ह्यांत जमलंय. फक्त तेव्हा भीतीनं जमवलं. आता शिकवून आणि लिहून जमवायचं.

सिस्टर : लिहून, हे महत्त्वाचं. तोंडी नको.

माझ्या मते सगळा वाद इथं खऱ्या अर्थानं सुटायला लागतो. दुसऱ्या लाटेत राज्यात इतरत्र रुग्ण उतरले तरी सातारा-सांगलीतला आकडा बराच काळ चढा राहिला. इथल्या वॉर्डांनी खूप सोसलंय. त्या सोसण्यातून मिळालेली ही एक गोष्ट, म्हणजे थांबवणाऱ्याचं निमूट ऐकणं, आपण हातची घालवली तर ते अक्षम्य ठरेल.

डॉक्टर : मग माझा वर्ग मान्य?

सिस्टर : थांबा. वर्ग कुणाचा, ते आधी ठरवू. शिकवायचंच असेल तर वरून सुरुवात करा. डीन, अधीक्षक, सर्जन, भूल देणारे डॉक्टर. हात पुढं करून “सिस्टर, मी चुकत असेन तर सांगा” असं राउंडच्या सुरुवातीला इंटर्नच्या समोर म्हणायला त्यांना शिकवा. एका सर्जननं हे एवढं केलं तर माझ्या दहा व्याख्यानांचं काम होतं. आणि खालून आमच्या मावशी-मामांना घ्या. ते कंत्राटावर असतात, ठेकेदार बदलला की माणसं बदलतात. मी मावशींना हायपोचं, म्हणजे जंतुनाशकाचं, सोल्युशन करायला शिकवते. आधी त्या अंदाजानं ओतायच्या, कधी नुसता वास, कधी डोळ्यांतून पाणी. मग बादलीला आतून रंगानं दोन रेघा मारल्या. खालच्या रेघेपर्यंत हायपो, वरच्या रेघेपर्यंत पाणी, आणि रोज सकाळी ताजं करायचं, कालचं ओतून द्यायचं. नव्या मावशी आल्या तर जुन्या त्यांना रेघा दाखवतात. मला सांगावं लागत नाही.

डॉक्टर : तुम्ही गेल्यावरही ते चालू राहणार. हेच मला इतर सिस्टरांपर्यंत पोचवायचंय. तुम्हाला हे सुचायला किती वर्षं गेली? नव्या आयसीएनला ती वर्षं का घालवायला लावायची?

सिस्टर : बरं, मग तुमच्या शनिवारच्या स्वॅबचं काय? ऑपरेशन थिएटरच्या भिंतींचे, दिव्याचे, टेबलाचे स्वॅब, फॉर्मॅलिनचं फ्युमिगेशन. आजची मार्गदर्शक तत्त्वं हे नेहमी करायला सांगत नाहीत ना?

डॉक्टर : नाही सांगत. भिंत सहसा कुणाला संसर्ग देत नाही, हात देतो. पण धूर दिसतो, वास येतो, काहीतरी केल्यासारखं वाटतं, म्हणून बंद होत नाही. त्या खर्चात हँडरबच्या बाटल्या येतील, हे मी मांडून दाखवलं तेव्हा सर्जनच म्हणाले, इतकी वर्षं करतोय, काही झालं तर जबाबदार कोण? मीही डॉक्टर, तरी मला जमलं नाही.

सिस्टर : म्हणजे वर्गात तुम्हीही बसायचं.

डॉक्टर : पहिल्या दिवसापासून. आणि वर्ग म्हणजे हॉलमध्ये पडद्यावर चित्रं दाखवणं नाही. सहा महिने, महिन्यातून दोन दिवस, दरवेळी दुसऱ्याच्या दवाखान्यात. साताऱ्याची सिस्टर मिरजेच्या आयसीयूत राउंडला उभी राहील, मिरजेची कराडला, कराडची इस्लामपूरला. हात धुण्याची मोजणी दुसऱ्याच दवाखान्यातल्या माणसानं करायची.

सिस्टर : हे चांगलं आहे. परक्या दवाखान्यातल्या सरांना मी घाबरायचं कारण नाही. माझी रजा त्यांच्या हातात नाही. आणि पॅड हातात घेऊन उभी राहणारी बाई रोजची नसली की खरा आकडा मिळेल?

डॉक्टर : पहिल्या दिवशी नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी कुणी लक्ष देईनासं होईल, तेव्हा मिळेल. पण मोजून थांबायचं नाही. जाताना त्या दवाखान्याच्या अधीक्षकांसमोर बसून तिनं दोन गोष्टी सांगायच्या. एक, काय चांगलं दिसलं. दुसरी, कुठल्या एका वस्तूच्या अभावी नियम पाळता येत नाही. मिशिगनच्या त्या बाटलीसारखी. कोपरानं उघडायच्या नळाचा वॉशर गेलाय, बेसिनशी टॉवेल एकच आहे, असं काहीही. पुढच्या महिन्यात दुसरी सिस्टर येईल ती आधी तोच नळ बघेल.

सिस्टर : आता माझ्या अटी. पहिली, आयसीएनची बदली तीन वर्षं करायची नाही. सरकारी दवाखान्यात शिकवून तयार केलेली मुलगी वर्षभरात लेबर रूमला जाते आणि परत शून्यापासून सुरुवात. दुसरी, थांबवण्याचा अधिकार डीनच्या सहीनं, प्रत्येक वॉर्डात लावलेला. कुणालाही, कुठल्याही हुद्द्याच्या माणसाला. तिसरी, तिला वॉर्डची ड्यूटी नाही.

डॉक्टर : पहिली आणि तिसरी माझ्या हातात नाही, पण कमिटीच्या ठरावात घालतो. दुसरीसाठी मी स्वतः डीनकडं जाईन. माझी एकच अट. तिचं कामकाज मायक्रोबायोलॉजी विभागाच्या देखरेखीखाली असावं. आकडे आमच्याकडे, तंत्र आमच्याकडे. तिचा गोपनीय अहवाल विभागप्रमुखांनी लिहावा.

सिस्टर : नाही.

डॉक्टर : का? आम्ही तर तुमच्याच बाजूचे.

सिस्टर : आज तुम्ही आहात. उद्या तुमच्या जागी कुणी दुसरे येतील, त्यांचं सर्जरीच्या सरांशी जेवणखाण असेल. आणि समजा, तुमच्याच लॅबमध्ये कुणी ग्लोव्ह्ज घालून दाराचा कडी-कोयंडा उघडतंय, तर ती तुम्हाला थांबवेल? ज्याचा हात थांबवायचा, त्याच्याच हातात तिचा अहवाल नको. तंत्र तुम्ही शिकवा, आकडे तुम्ही तपासा. तिनं जबाब द्यायचा तो थेट डीनना.

डॉक्टर : डीनना अहवाल लिहायला तिच्या कामातलं काय कळणार?

सिस्टर : एक रकाना घाला. या वर्षी तिनं किती वेळा कुणाला थांबवलं, आणि कुणाकुणाला. तिथं शून्य असेल तर डीननी तिला समोर बसवून विचारायचं, का नाही थांबवलंस? आणि ती काय सांगते ते कमिटीच्या इतिवृत्तात लिहायचं, नावासकट.